डिस्कस्ड. पुट अप.

सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या विधानसभेच्या लोकलेखा समितीपुढे खात्याची साक्ष असली की आमच्यासारख्या लेखा विभागातल्या माणसांचं काम ठरलेलं असतं. मागच्या रांगेत बसायचं आणि आकडे अडले की चिठ्ठी पुढे सरकवायची. बोलतात ते सचिव. त्या दिवशी मात्र मला बोलावं लागलं. समितीचा अहवाल केव्हाच विधानसभेच्या पटलावर आलाय, म्हणून आता लिहिते. खातं कोणतं, वर्ष कुठलं, ते राहू दे.

प्रकरण तसं कोरडं. कॅगच्या अहवालात आमच्या वाट्याला जेमतेम सात ओळी आल्या होत्या. अर्थसंकल्पातली मूळ तरतूदच संपली नव्हती, तरी खात्याने पुरवणी मागणी करून आणखी पैसे मंजूर करून घेतले. 31 मार्चला ती सगळी पुरवणी आणि वर मूळ तरतुदीतलाही काही भाग परत केला. पैसे कोणी खाल्ले नव्हते, त्यामुळे खात्यात कोणाला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. लेखी उत्तर आम्ही पाठवलं होतं, 'बिले वेळेत न आल्यामुळे बचत झाली.' हे वाक्य मी आजवर किती वेळा टाइप केलंय त्याची गणती नाही. (न खर्चलेल्या पैशाला सरकारात बचत म्हणतात. घरी बचत झाली की बरं वाटतं, इथे लेखापरीक्षक येतो.)

सकाळी संचालकांच्या गाडीतून पूल ओलांडून पर्वरीला, गोव्याच्या विधानसभेत गेलो. मांडीवर तीन फायली. बैठक बंद दाराआड होते, पत्रकार नसतात. अध्यक्ष प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचे, त्यांच्या बाजूला महालेखापाल कार्यालयाचे अधिकारी, आणि कोपऱ्यात शब्दन् शब्द टिपणारा रिपोर्टर. आमचे सचिव एजीएमयूटी केडरचे (अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश, यांतली कुठेही बदली), गोव्यात येऊन चार महिने झालेले. ज्या वर्षाबद्दल विचारणा होती तेव्हा ते इथून हजारो किलोमीटर लांब होते. त्यांनी आमचं लेखी उत्तर वाचून दाखवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बिलां? कोणाचीं बिलां?"

सचिवांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. बिलं नव्हतीच मुळी. जमीनच ताब्यात आली नव्हती, मग काम कुठलं आणि बिल कुठलं?

एका सदस्याने महिन्यावारी खर्च काढून आणला होता. ऑक्टोबरअखेर निम्मीही रक्कम खर्च झाली नव्हती. त्यांनी घटनेचं 205 वं कलमच पुढे ठेवलं. मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवीन सेवेची गरज उपटली, तर पुरवणी मागायची. "तुमची रक्कम अपुरी कुठे पडली, ते दाखवा." मग त्यांनी मूळ फाईल मागितली.

फाईल माझ्या मांडीवरच होती. हिरव्या नोटशीटवर माझंच अक्षर होतं. सध्याची तरतूद पुरेशी आहे, जमीन ताब्यात नाही, पुरवणीची गरज दिसत नाही. त्याखाली तेव्हाच्या साहेबांच्या हिरव्या शाईत तीन शब्द: डिस्कस्ड. पुट अप. म्हणजे चर्चा झाली, प्रस्ताव सादर करा. पान उलटलं की लगेच पुरवणीचा प्रस्ताव, काम 'तातडीचे' म्हणून. त्याच्याखालीही माझीच सही. दोन पानांमध्ये दोनच दिवसांचं अंतर.

"चर्चा काय झाली?" अध्यक्षांनी विचारलं. संचालक म्हणाले, ते साहेब निवृत्त झालेत. "आणि खालची सही?"

मी उभी राहिले. मधल्या काळात माझी बदली होऊन मी परत त्याच खात्यात आले होते, दुसरं काय म्हणायचं. खोटं सांगण्याइतका वेळही मिळाला नाही, खरं तर. म्हटलं, "साहेब म्हणाले, यंदा पैसे उरलेले दिसले तर वित्त खातं पुढल्या वर्षी कात्री लावेल. मागणी घालून ठेव. मी घातली."

खोलीत नुसता एसीचा आवाज.

"मार्चच्या शेवटच्या दिवशी परत केलेले पैसे दुसरं खातं कधी वापरणार, हे ठाऊक होतं?"

ठाऊक होतं. लेखा संचालनालयात, पणजीतल्या फाझेंदा इमारतीत, मी दोन 31 मार्च काढलेत. बिलांचे गठ्ठे, कारकुनांची रांग, आणि 'तरतूद शिल्लक नाही' असा शेरा मारून परत गेलेली बिलं. एका वर्षी एक कारकून असं बिल हातात घेऊन तसाच खिडकीपाशी उभा राहिला, जणू थांबलं तर पैसे येतील. नियम आहे की पैसे लागणार नाहीत असं दिसलं की लगेच परत करायचे. ते आम्ही शेवटच्या संध्याकाळपर्यंत धरून बसलो होतो. दुसऱ्यांची गरज आमच्या लेखाशीर्षाखाली, आमच्या खर्चाच्या खात्यात कोंडून.

"होय," मी म्हणाले. आणखी काही सुचलं नाही. पंधरा दिवसांत सुधारित उत्तर द्या, असं सांगून त्यांनी कॅगच्या अहवालातला पुढचा परिच्छेद घेतला.

परतताना पूल येईपर्यंत संचालक गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला किती वर्षं तुम्हाला?"

"सहा."

"हं."

सुधारित उत्तराचा मसुदा मीच केला. जे बोलले तेच लिहिलं, तारखांसकट. तो वरून परत आला तेव्हा माझा परिच्छेद खोडलेला होता आणि त्या जागी 'अंदाजातील त्रुटीमुळे' एवढंच होतं. मी तसं टाइप करून पाठवलं. भांडले नाही, हेही सांगते.

महिन्याभराने समितीकडून साक्षीची शब्दशः नोंद आली. साक्षीदारांकडे ती तपासायला येते. दुरुस्ती करता येते, पण अर्थ बदलायचा नाही. माझी वाक्यं जशीच्या तशी होती, 'कात्री लावेल'सकट. एका ठिकाणी वर्ष चुकीचं पडलं होतं. तेवढं पेनने दुरुस्त केलं, बाजूला सही केली आणि जावक नोंदवहीत क्रमांक घालून पर्वरीला पाठवून दिली.