शांत ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर कूलर निवडताना : माझा अनुभव

एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवायचे, ठरवले तेव्हा मी एक अट आधीच पक्की केली होती. रात्री पूर्ण भारावर काम चालू असतानाही संगणकाचा आवाज मला जाणवता कामा नये. वेग आणि शांतता दोन्ही हवे असतील, तर कूलर पाहण्यापूर्वी आपला प्रोसेसर किती उष्णता बाहेर टाकणार आहे हे ठरवावे लागते, आणि या सगळ्या खटाटोपात तोच निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे क्लॉकच्या, म्हणजे त्याच्या वेगाच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सर्व कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे स्वतंत्र भाग) ४.४ वरून ४.६ गिगाहर्ट्‌झवर नेण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावे लागले असे धरले, तर वेग जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता मात्र सुमारे २३ टक्क्यांनी. हे गणित कागदावर मांडल्यावर सगळे कोअर एकाच वेगाला जखडून ठेवण्याचा मार्ग मी बाजूला ठेवला आणि प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह व कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्या सोयींच्या साहाय्याने, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज शक्य तितके उतरवून, वेग मिळवायचे ठरवले. या प्रोसेसरवर १०५ वॉट असा आकडा दिलेला असला, तरी मूळ सेटिंगमध्येच त्याला सॉकेटमधून (मदरबोर्डवरील त्याच्या खोबणीतून) १४२ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. कूलर तोलायचा तो याच दुसऱ्या आकड्यावर.

या प्रोसेसरचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. त्याचे आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एकाच चिप्लेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर, आहेत, आणि ते चिप्लेट धातूच्या झाकणाखाली मधोमध नसून एका बाजूला आहे. इतक्या लहान जागेतून उष्णता झाकणापर्यंत पोचतानाच बरेच अंश खर्ची पडतात आणि त्या टप्प्यावर बाहेरच्या कूलरचा काहीच इलाज चालत नाही. त्यामुळे मध्यम आकाराचा कूलर काढून अवाढव्य बसवला म्हणून तापमान धाडकन खाली येईल अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती. मोठ्या कूलरचा खरा लाभ असा, की तेच तापमान तो पंख्याच्या बऱ्याच कमी फेऱ्यांवर राखतो. शांततेसाठी पैसे मोजायचे ते या लाभासाठी.

कमी फेऱ्यांचे महत्त्व किती, हे पंख्यांच्या नियमांवरून कळते. फेरे निम्मे केले की हवेचा प्रवाह निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबलची घट आपल्या कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखी वाटते. म्हणजे हवेत जितके गमवावे लागते त्यापेक्षा शांततेत कितीतरी अधिक पदरात पडते, फक्त तेवढ्या मंद हवेला उष्णता उचलता यावी म्हणून अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे क्षेत्रफळ भरपूर हवे. वेगवेगळ्या उत्पादकांचे डेसिबलचे आकडे मात्र मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने कमी भरतो, त्यामुळे एकाने अर्ध्या मीटरवरून आणि दुसऱ्याने एक मीटरवरून मोजले असेल, तर त्या तुलनेला अर्थ उरत नाही.

पाण्याच्या कूलरचा विचार मी मनापासून केला. थोड्या वेळाच्या भाराने तापमान उसळले तरी पाणी ती उष्णता पोटात घेते आणि पंख्यांना लगेच धावावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण पंपाची बारीक गुणगुण काम नसतानाही चालू राहते आणि शांत खोलीत तीच आधी कानावर येते. शिवाय माझी अडचण चिप्लेटच्या लहान आकाराची होती, आणि ती रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) मोठा केल्याने सुटणारी नव्हती. म्हणून मी हवेचाच कूलर नक्की केला.

नॉक्टुआचा एनएच-डी१५ घेण्यामागे हीच कारणे होती. पत्र्यांचे दोन मनोरे, उष्णता त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या सहा नळ्या (हीट पाइप) आणि १४० मिलिमीटर वर्गातले दोन पंखे, जे मिनिटाला कमाल १५०० फेऱ्यांवर फिरतात. त्याची उंची १६५ मिलिमीटर असल्याने कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणापर्यंत जागा पुरते की नाही हे आधी मोजून घेतले; माझ्या कॅबिनेटमध्ये ती पुरत होती. अडचण रॅमची होती. दोन्ही पंखे बसवले तर पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर उंची मिळते, आणि माझ्या रॅमच्या पट्ट्या त्याहून उंच आहेत. पंखा वर सरकवला असता तर एकूण उंची वाढून झाकण बसले नसते. शेवटी मी फक्त दोन मनोऱ्यांमधला पंखा ठेवला, कारण तसे केल्यास रॅमसाठी ६४ मिलिमीटर जागा मिळते. कॅबिनेटचा मागचा पंखा कूलरच्या रेषेतच असल्याने तो हवा ओढून घेतो, आणि मंद फेऱ्यांवर हे दोघे मिळून माझे काम भागवतात.

एका पंख्याचा आणखी एक फायदा झाला. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ९०० फेरे घेतो तेव्हा त्याची पाती एखाद्या बिंदूसमोरून सेकंदाला १०५ वेळा जातात आणि त्या वारंवारतेचा हलका सूर उमटतो. शेजारी तसाच दुसरा पंखा २० फेऱ्यांच्या फरकाने फिरत असेल, तर दोन्ही सूर एकमेकांत मिसळून आवाज सेकंदाला दोन-तीनदा चढतो आणि उतरतो. एकसंध आवाज कान लवकर विसरतो; असा हेलकावणारा आवाज विसरला जात नाही.

कूलर बसवण्यात विशेष काही नव्हते. प्रोसेसरच्या झाकणावर थर्मल पेस्टचा (उष्णता कूलरकडे पोचवणाऱ्या लेपाचा) एक ठिपका मधोमध आणि चार लहान ठिपके कोपऱ्यांकडे लावले, हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) सरळ खाली टेकवला आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे पिळले, म्हणजे दाब एका बाजूला पडत नाही.

खरा वेळ गेला तो फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे ठरवण्यात. या प्रोसेसरचे तापमान एखादा प्रोग्राम उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारते आणि लगेच खाली येते. मदरबोर्डच्या मूळ कर्व्हवर पंखा अशा प्रत्येक उडीमागे धावतो. या उड्यांना उत्तर देण्याची काही गरज नसते, कारण हीटसिंक तोवर तापलेलाही नसतो. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ७० अंशांपर्यंत पंखा ६०० फेऱ्यांवर स्थिर ठेवला, तेथून ८२ अंशांपर्यंत हळूहळू ९५० पर्यंत जाऊ दिला आणि फेरे बदलण्यापूर्वी मदरबोर्ड देईल तेवढा जास्तीत जास्त विलंब लावला. फेरे पायरीपायरीने चढवत कान देऊन ऐकल्यावर ८०० च्या आसपास कॅबिनेटचे बाजूचे झाकण थरथरते असे आढळले. तेवढा टप्पा कर्व्हची चढण तीव्र करून चटकन ओलांडला जाईल असे केले.

मग राहिली वीज. कमाल बूस्ट (प्रोसेसर स्वतःहून गाठतो तो वरचा वेग) १०० मेगाहर्ट्‌झने वाढवला, सॉकेटची मर्यादा १४२ वरून १२५ वॉटवर आणली आणि बहुतेक कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे २० दिले, म्हणजे व्होल्टेज वीस पायऱ्यांनी उतरवले. सर्वांत वेगवान दोन कोअरना मात्र कमीच सूट दिली, कारण ते मुळातच काठावर चालवलेले असतात. येथे प्राइम९५ सारखी, सर्व कोअरवर पूर्ण भार टाकणारी जड चाचणी पुरेशी ठरत नाही. उणे व्होल्टेजची अस्थिरता पुष्कळदा हलक्या भारात, एकच कोअर कमाल वेगाला पोचतो तेव्हा उघडी पडते, म्हणून प्रत्येक कोअर वेगळा तपासला आणि संगणक नुसता चालू ठेवूनही पाहिला.

आता दीर्घ रेंडरमध्ये (चित्र वा व्हिडिओ तयार करण्याच्या जड कामात) तापमान ८० अंशांच्या अलीकडे राहते, म्हणजे या प्रोसेसरच्या ९० अंशांच्या मर्यादेपासून बरेच खाली, आणि पंखा ९०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही. खोलीचे तापमान जितके वाढेल तितकेच जवळजवळ प्रोसेसरचेही वाढते, म्हणून उकाड्याच्या दिवसांसाठी ११० वॉटचे दुसरे प्रोफाइल बायोसमध्ये साठवले आहे. त्यात रेंडरला थोडा अधिक वेळ लागतो आणि फॅन कर्व्हला हात लावावा लागत नाही.