दोन सिम आणि तीन दलं

‘मोबाइलमध्ये दोन सिम चालतात, मग तिन्ही दलांना मिळून एक सॅटकॉम (उपग्रहामार्फत संपर्काचं) टर्मिनल का चालत नाही?’ मेहुणे विचारतात, सोसायटीतले निवृत्त कर्नल विचारतात, परवा मुलाखतीला आलेल्या पोरानंही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

दोन्ही सिम एकाच जागतिक मानकावर बोलतात. इथे नौदलाचा ‘रुक्मिणी’ उपग्रह २०१३ मध्ये गेला, हवाई दलाचा जीसॅट-७ए २०१८ मध्ये, लष्कराच्या जीसॅट-७बीचा करार २०२३ चा. त्यात सॅटकॉमचे मोडेम आपापल्या कंपनीचीच बोली बोलतात. आमचं काम म्हणजे मोडेमचा डबा काढायचा, त्याचं सॉफ्टवेअर करायचं आणि साध्या सर्व्हरवर हवा तो वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलची बोली, चढवायचा. अँटेनाचं सॉफ्टवेअर होत नाही. केयू बँड आणि सी बँड हे वेगवेगळे वारंवारतेचे पट्टे; केयू बँडचा फीड (डिशच्या तोंडाशी बसणारा भाग) लावलेल्या डिशला सी बँड ऐकू येत नाही. इथवर आलो की मेहुणे पान वाढायला सांगतात.

पण खरं उत्तर हे नाही. खरं उत्तर राजस्थानातल्या एका मे महिन्यातलं आहे.

पुण्याच्या लॅबमध्ये, एसीत, आमची पेटी अकरा दिवस न अडखळता चालली होती. चाचणीच्या गाडीतही सकाळी पहिला वेव्हफॉर्म लागला, मग दुसरा. टाळ्या झाल्या. दुपारी प्रोसेसर तापला आणि त्यानं आपला वेग उतरवला. वरून येणारे सॅम्पल, म्हणजे सिग्नलचे आकड्यांतले तुकडे, मात्र ठरल्या गतीनं येतच राहतात, ते कुणासाठी खोळंबत नाहीत. बफर, म्हणजे त्यांची तात्पुरती साठवण, भरून वाहिला, लॉक (सिग्नलवरची पकड) सुटलं. लागलं, पुन्हा सुटलं. मी उन्हाला दोष दिला, पंख्याला दिला, ज्यानं ही वेळ निवडली त्यालाही दिला. शेजारी उभ्या सुभेदारसाहेबांनी अगदी अदबीनं विचारलं, ‘साब, पुराना वाला लगा दूँ?’ लावला. चार मिनिटांत लिंक उभी.

आता जे त्या चाचणीच्या अहवालात नाही ते. लॅबमध्येही सॅम्पल गळाले होते. लॉगिंगचा कंटेनर (नोंदी ठेवणारा वेगळा प्रोग्रॅम) सुरू झाला की गळायचे, म्हणून मी लॉगिंगच बंद केलं होतं. अकरा दिवस त्यानंतरचे.

२०१९ च्या माझ्या एका स्लाइडवर ‘हार्डवेअर मोडेमचा काळ संपला’ असं वाक्य आहे. तो मी आज भेटला तर त्याच्याशी भांडेन; पण तो म्हणेल, तू आता प्रत्येक वेव्हफॉर्मला प्रोसेसरचा स्वतंत्र कोअर बांधून दिलेस, म्हणजे पुन्हा डबेच केलेस की! यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी वेव्हफॉर्म बदलायला आता पेचकस लागत नाही, हेही खरंच आहे ना?

पुढच्या चाचणीला गाडीत जुना मोडेम न्यायचा की नाही, यावर काल बैठक झाली. टीममधली पोरं नको म्हणाली. मी न्या म्हणालो.