ठिय्यावर माणसं उभी असतात तेव्हा

नागपूरच्या हिंगणा रोडवर माझं गिट्टी-रेती-सिमेंटचं दुकान आहे. सरकारी पैसा बाजारात कसा फिरतो, ते मला उधारीच्या वहीत दिसतं.

२०२० च्या लॉकडाऊननंतर बांधकामं ठप्प होती. मिस्त्री-मजूर सकाळी ठिय्यावर, म्हणजे रोजच्या कामासाठी मजूर जमतात त्या नाक्यावर, उभे राहायचे आणि बरेचसे उन्हं चढल्यावर तसेच घरी परतायचे. माझ्या गोदामातल्या सिमेंटच्या गोण्या गड्डे धरायला लागल्या होत्या. अशात एका ठेकेदाराला सरकारी नालीचं काम मिळालं. त्यानं ठिय्यावरून माणसं घेतली, माझा पडलेला माल उचलला. चुकारा झाला तसे मजुरांनी किराणावाल्याचे पैसे दिले, मी टिप्परवाल्याचे. आणि यासाठी दुसऱ्या कोणाचं काम अडलं नाही.

२०२२ मध्ये चित्र पालटलं. लोखंड इतकं महागलं की मे महिन्यात केंद्रानं पोलादाच्या बऱ्याच मालावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. घरबांधणी जोरात होती. तसंच नालीचं काम पुन्हा निघालं, तेव्हा ठेकेदारानं रोजी वाढवून मिस्त्री आणला तो एका शिक्षकाच्या अर्धवट घरावरून. सेंट्रिंग लावलेला स्लॅब तसाच राहिला. नाली झाली, पण घर थांबलं. खर्च झाला म्हणून तेवढी भर पडली असं मी कसं म्हणू?

मंदीत सरकारनं हात सैल सोडावा, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सनं १९३६ मध्येच मांडलं. मंदीत सरकारी खर्चाचा परिणाम खरंच जास्त होतो का, यावर अर्थतज्ज्ञांचं आजही एकमत नाही. मला मात्र तो फरक ठिय्यावर दिसतो. म्हणूनच १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं राबवलेली रोजगार हमी मला फार शहाणपणाची वाटते. रिकामे हात वाढले की काम वाढतं, शेतीची कामं लागली की आपोआप कमी होतं. २०२० मध्ये मनरेगाच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत केंद्रानं आणखी ४०,००० कोटी घातले, तेही योग्य वेळी.

आपल्याकडे मात्र निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये कामांची झुंबड उडते. नेमकं तेव्हाच पावसाआधी घर उरकायला सगळं नागपूर धावत असतं. रस्ते पावसात होणार नाहीत, कबूल. पण सरकारी इमारतींच्या आतली फरशी, वायरिंग, रंगकाम जुलै-ऑगस्टला काढा. तेव्हा मिस्त्री रिकामा असतो आणि त्याच्या घरी शाळेची फी भरायची असते.