चोर दुसऱ्या नंबरवर

बंदुकीची तिजोरी विकणारा माणूस आधी चोराची भीती घालतो, मग आगीची, आणि शेवटी आतला दिवा आणि मखमलीचं अस्तर दाखवतो. घरातल्या माणसांचा विषय तो काढतच नाही. माझ्या यादीत ती पहिली होती, त्यामुळे माझी तिजोरीची निवड आमच्या नेमबाजी क्लबातल्या बहुतेकांपेक्षा वेगळी झाली. विचारणारे बरेच आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आमच्याकडे दोन शस्त्रं आहेत. वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी आणि मुलीची .22 ची टार्गेट रायफल. मुलगी मोठी आहे, नेमबाजी शिस्तीत शिकलेली. धाकटा चौदा वर्षांचा. घरातली कुठली वस्तू कुठे ठेवली आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि हे कौतुकानं सांगत नाही. 2006 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक असलेल्या घरांतले पालक आणि मुलं यांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले होते. ‘मुलांना बंदुकीची जागा ठाऊक नाही’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्के पालकांच्या मुलांनी जागा ठाऊक असल्याचं सांगितलं. ‘आमच्या मुलानं कधी हातसुद्धा लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांच्या मुलांनी हात लावलेला होता. कपाटाच्या माथ्यावर, गाद्यांच्या घडीत, किल्ली फोटोच्या मागे, ही सगळी लपवाछपवी मोठ्यांच्या समाधानापुरती असते.

दुसरा अभ्यास 2005 चा. त्यात चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या जागी, आणि काडतुसंही कुलपात. या चारही सवयी, एकेकटीसुद्धा, मुलांच्या आत्महत्या आणि अपघातानं गोळी लागणं यांच्या कमी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. आत्महत्येबद्दल तिजोरीची माहितीपत्रकं अवाक्षर काढत नाहीत. मला मात्र तिजोरीचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं की एखाद्या वाईट रात्री हात आणि घोडा यांच्यामध्ये वेळ जावा. हे फक्त मुलांपुरतं नाही. घरातल्या मोठ्या माणसाचं मन बरेच दिवस ठिकाणावर नसेल, तर कोड बदलावा. त्याहून बरं म्हणजे नियमात बसत असेल तर शस्त्र तेवढा काळ घराबाहेर, क्लबच्या शस्त्रागारात वगैरे, ठेवावं. आणि ते मन स्वतःचं असेल तर कोड दुसऱ्याला बदलायला सांगावा. हे बोलायला अवघड जातं. आमच्या घरी एकदा बोलून ठेवलेलं आहे.

आता हे पक्कं धरलं की कुलपाचा प्रश्न निम्मा सुटतो. किल्लीचं कुलूप मी पहिल्याच फेरीत बाद केलं. कुलूप वाईट नसतं, पण किल्ली कुठेतरी राहावी लागते, आणि ‘कुठेतरी’ म्हणजे धाकट्याला माहीत असलेली जागा. बोटाच्या ठशाचं कुलूप बाद करायला थोडा वाद झाला, कारण मुलीला तेच हवं होतं. तिला मी 2023 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट सांगितली. अमेरिकेत तेव्हा सुमारे 61,000 बायोमेट्रिक बंदूकपेट्या परत मागवाव्या लागल्या. ठसा नीट नोंदला गेला नसेल तर त्या पेट्या कुणाच्याही बोटाला उघडत होत्या, आणि मालकांची समजूत अशी की आपण ठसा नोंदवला आहे. त्यातल्याच एका पेटीतल्या बंदुकीनं एका बारा वर्षांच्या मुलाचा जीव गेला, असा दावाही तेव्हा कोर्टात होता. सगळीच ठशाची कुलपं अशी असतात असं नाही. पण मी विकत घेतलेली गोष्ट नेमकी कशानं उघडते हे मला स्वतःला तपासता यायला हवं.

उशाशी ठेवायच्या छोट्या, झटकन उघडणाऱ्या पेट्यांबद्दलही हेच म्हणेन. त्यांतल्या स्वस्त पेट्यांत खिट्टी एका छोट्या सोलेनॉइडनं (विजेवर सरकणाऱ्या दांडीनं) अडवलेली असते, आणि पेटी विशिष्ट तऱ्हेनं आपटली किंवा हादरवली तर खिट्टी क्षणभर सरकते आणि झाकण उघडतं. घ्यायचीच असेल तर दुकानात उचलून आपटून पाहा. दुकानदार नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

राहिली दोन: फिरवायची तबकडी आणि आकड्यांचं कीपॅड. तबकडीवर शंभर आकडे आणि आत तीन चकत्या, म्हणजे कागदावर दहा लाख जोड्या होतात. सहा आकडी कोडच्याही दहा लाखच. प्रत्यक्षात तबकडीत थोडी ढिलाई असते, शेजारचा आकडाही चालून जातो, त्यामुळे खऱ्या जोड्या कमी. पण तबकडीला बॅटरी लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं चालते. कीपॅडच्या बाजूनं एक गोष्ट भारी पडली: कोड बदलणं. तबकडीचा आकडा बदलायला दार उघडून मागची चावी फिरवावी लागते आणि बहुतेक लोक त्यासाठी कारागीर बोलावतात. कीपॅडवर ते काम मिनिटाचं आहे, आणि वर लिहिलेल्या कारणासाठी मला ते मिनिटाचंच हवं होतं. शिवाय चार-पाच चुकीचे प्रयत्न झाले की चांगलं कीपॅड काही मिनिटं गप्प बसतं. बॅटरी बाहेरून बदलता येते ना, एवढं बघून घ्या. जन्मतारीख, गाडीचा नंबर हे कोड मुलं पहिल्या पाच मिनिटांत लावून बघतात.

कारखान्याचा राखीव कोड असतो का, हेही विचारा. 2023 मध्येच एका मोठ्या अमेरिकन कंपनीनं वॉरंट दाखवल्यावर तपास यंत्रणेला ग्राहकाच्या तिजोरीचा कोड दिला, आणि तिथल्या ग्राहकांना तेव्हा कळलं की असा कोड कंपनीकडे असतो. वॉरंटबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या कुणाकडे असलेला कोड चोरीलाही जाऊ शकतो.

आता चोर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं आयुष्य पत्रा कापण्यात आणि वेल्डिंगमध्ये गेलं. तिजोऱ्या बघायला जाताना मी खिशात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, घेऊन जायचो. विक्रेत्यांना ते आवडायचं नाही. दार दिसतं हातभर जाड. ‘शंभर मिलिमीटर, साहेब!’ त्या शंभरात पोलादी पत्रा किती, हा प्रश्न विचारला की संभाषण थंडावतं. बऱ्याच दारांत पुढचा पत्रा चार-पाच मिलिमीटर असतो, बाकी जिप्समचा बोर्ड आणि हवा. अंगाचा पत्रा त्याहून पातळ. तो गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा उलटा चालतो: 14 गेज म्हणजे सुमारे 1.9 मिमी, 12 गेज 2.7, 10 गेज 3.4. दोन मिलिमीटरचा पत्रा ग्राइंडरपुढे टिकत नाही, हे मी कुणाला पटवून द्यायची गरज नाही. मी बाजूच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकायचो. ढोलासारखा आवाज आला की पुढच्या तिजोरीकडे.

खिट्ट्या किती आहेत हे मोजून लोक खूश होतात. दहा जाड खिट्ट्या पातळ चौकटीत घुसत असतील तर पहार लावल्यावर खिट्टी वाकत नाही, चौकट वाकते. म्हणून दार उघडून चौकटीची घडी बघा: पत्रा एकदाच वाकवलाय की आतून दुसरा थर, पट्टी किंवा कोन वेल्ड केलाय? वेल्ड सलग आहे की टाके टाकून सोडलंय? बिजागऱ्या बाहेर असल्या म्हणून घाबरू नका. बिजागरीच्या बाजूला पक्का अडसर असेल तर बिजागरी कापूनही दार निघत नाही. कुलपामागे कडक प्लेट आणि कुलूप फोडलं तर आपोआप पडणारा दुसरा अडसर, हे दोन्ही विचारून घ्या.

ज्याच्याकडे व्हर्निअर नाही त्यानं प्रमाणपत्राची पट्टी वाचावी. अमेरिकेतली आरएससी (घरगुती तिजोरीचा दर्जा) लेव्हल 1 ही पायरी म्हणजे चाचणीत एक माणूस, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, पहार अशी साधी अवजारं, आणि पाच मिनिटं. बस्स. बाजारातल्या बहुतेक ‘गन सेफ’ याच पायरीवर असतात. त्याच्या बरीच वरची पायरी टीएल-15 म्हणजे जाणकार माणसानं यंत्रं घेऊन दारावर केलेली पंधरा मिनिटांची खरी झटापट, पण ती तिजोरी जिन्यावरून चढवायला कंबर लागते. युरोपात ईएन 14450 या मानकात एस-1 आणि एस-2 अशा पायऱ्या आहेत, आणि त्याच्या वर ईएन 1143-1 च्या श्रेण्या शून्यापासून सुरू होतात. जर्मनीत जुलै 2017 पासून शस्त्रांसाठी नवी घ्यायची तिजोरी किमान या शून्य श्रेणीची लागते. तुमच्या परवान्याच्या अटी काय म्हणतात ते आधी वाचा, मग बाजारात जा.

आणि जमिनीला बोल्ट. ईएन 1143-1 हजार किलोच्या आतल्या तिजोरीलाही बोल्टचं भोक मागते, तर आपली दोनशे किलोची रिकामी पेटी कुठल्या झाडाचा पाला! आडवी पाडलेली तिजोरी उचकटायला सोपी, कारण पहारीवर सगळं वजन टाकता येतं. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारा, पण लादीखालून पाइप जातात का, आणि स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल आहेत का, हे बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. दाराची मुठीकडची कड बाजूच्या भिंतीला लागून येईल अशी कोपऱ्यात बसवलीत तर लांब पहार फिरवायला जागाच राहत नाही. मी तशीच बसवली आहे.

आगीबद्दल थोडक्यात. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण 21 टक्के पाणी बांधलेलं असतं, ते वाफ होऊन निघताना उष्णता खातं. ‘साठ मिनिटं’ हा आकडा एकटा काही सांगत नाही, कुठल्या तापमानाला हे विचारा. यूएल या अमेरिकन चाचणी संस्थेच्या कागदपत्रांसाठीच्या चाचणीत तासाभरात भट्टी 927 अंश सेल्सिअसला जाते आणि आत 177 च्या वर जाऊ द्यायचं नसतं. परवान्याचे कागद त्यात वाचतील. पेन ड्राइव्हची खात्री नाही.

हेच जिप्सम एरवी ओल धरून बसतं, आणि नळीला गंज चढतो. आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, काटा 50 टक्क्यांच्या आसपास राहू द्या. सिलिका जेल वेळच्या वेळी तापवून वाळवा किंवा विजेची गरम कांडी लावा. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत घालून बंदूक आत ठेवू नका, दोन्ही ओल शोषतात.

माप घेताना आतली उंची घ्या. माझी दुनळी साधारण 115 सेंटिमीटर भरते, आणि वरचा कप्पा काढल्याशिवाय ती मावत नाही असे ‘आठ बंदुकांचे’ सेफ मी पाहिले आहेत. जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्मा धरा. दुर्बीण लावलेल्या रायफली असतील तर त्याहून कमी.

काडतुसं या तिजोरीत नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपाच्या लहान पेटीत आहेत, आणि त्या पेटीचा कोड तिजोरीच्या कोडपेक्षा वेगळा आहे. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी बंदुकीची सुटी दारू तर कधीच घट्ट पोलादी पेटीत कोंडू नये, आग लागली तर तोच बॉम्ब होतो. सरावाला निघताना दोन कुलपं उघडावी लागतात म्हणून मुलगी कुरकुरते. मी तिला पाच मिनिटं लवकर उठायला सांगितलं आहे.