झिपच्या आतलं फोल्डर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत. सिंहगड रोडवरच्या आमच्या ऑफिसात त्यापायी रोज कॅल्क्युलेटर निघायचा. शेवटी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा प्रोग्रॅम, लिहिलं. नकाशावर गटाला क्लिक केलं की एकर-गुंठे समोर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एकराचे ४० गुंठे, गणित एवढंच. दोन संध्याकाळींत कोड तयार.

दुसऱ्याला द्यायला मात्र तीन आठवडे लागले. चकली करणं वेगळं आणि ती न मोडता अमेरिकेला पाठवणं वेगळं, तसलंच हे.

पहिलं गिऱ्हाईक आमचे ड्राफ्ट्समन काका. पेन ड्राइव्हवरून झिप दिली. "अगं, हे म्हणतंय आत फोल्डरच नाही!" खरंच नव्हतं. मी फोल्डरच्या आत शिरून सगळ्या फायली निवडल्या होत्या आणि त्यांची झिप केली होती. क्यूजीआयएसला झिपमध्ये सगळ्यात वर एकच फोल्डर लागतं, मेटाडेटाची, म्हणजे प्लगिनचं नाव, आवृत्ती वगैरे सांगणारी फाइल त्याच्या आत. त्या फोल्डरचं नाव हीच प्लगिनची ओळख, त्यामुळे ते नंतर बदललं तर काकांकडे एकाची दोन प्लगिनं होणार. मी हौसेने देवनागरीत 'गुंठा' ठेवलं होतं. गपचूप रोमन अक्षरांत केलं.

फोल्डर आलं, तर प्लगिन उघडेना. मी वापरलेली एक पायथन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, माझ्या मशीनवर कधीतरी पिप या साधनाने टाकलेली, काकांकडे कुठून असणार? क्यूजीआयएस ती आपणहून आणून देत नाही. ती काढून टाकली आणि तिच्याऐवजी साध्या बारा ओळी लिहिल्या.

मग क्यूजीआयएसच्या अधिकृत प्लगिन-भांडारात द्यायचं ठरवलं. तिथे जीपीएल हा खुल्या कोडचा परवाना लागतो, कोड कुठे आहे आणि तक्रारी कुठे करायच्या याचे दुवे लागतात, आणि नवं प्लगिन माणसं तपासून मंजूर करतात. माझं अपलोड त्याआधीच परत आलं. भाच्याच्या मॅकवर झिप केली होती, आणि मॅकने आपलं एक लपलेलं फोल्डर त्यात सोडून दिलं होतं. तेव्हापासून हाताने झिप करणं बंद. आता कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची, 'गिट आर्काइव्ह' ही एक ओळ चालवते. कमिट केलेल्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या फायलीच आत जातात, कॅशेचा कचरा बाहेरच राहतो, आणि प्रीफिक्स म्हणून फोल्डरचं नाव दिलं की वरचं फोल्डरही आपोआप येतं.

एकदा दुरुस्ती केली पण आवृत्तीचा आकडा वाढवायला विसरले. कोणालाच अपडेट दिसेना, आणि मी मात्र काकांना "तुम्ही रिफ्रेश करत नाही" म्हणून सुनावत होते.

काल चहा पिताना काकांनी एक जुना कागद पुढे सरकवला. "यात आणे आहेत बघ. गुंठ्याचे सोळा. तेही दाखव की."

मेटाडेटात आधी ०.३ लिहिलं, मग कोडला हात घातला.