सालदाराच्या टीबीच्या गोळ्या राज्याच्या सीमेवर अडकल्या तेव्हा (माझा अनुभव)

वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) मध्यप्रदेशातला, बैतूलकडचा, बायको अन् चार वर्षांची पोरगी घेऊन वावरातल्या खोलीतच राहतो. दिवाळीत गावी गेला तेव्हा तिकडेच बेडका तपासला, टीबी निघाला, महिनाभराच्या गोळ्या घेऊन परत आला.

गोळ्या संपायला चार दिवस होते तेव्हा त्याला गाडीवर बसवून इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. चिठ्ठीचे पैसे नाही लागले, ते १५ ऑगस्ट २०२३ पासून बंदच आहेत. डॉक्टरही चांगले बोलले. अडलं ते कॉम्प्युटरपाशी. "याचं नाव तिकडं चढलं आहे, तिकडून ट्रान्सफर आल्याबिगर मले गोळ्या देता येत नाई." मग निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला पेशंटचा नंबर) मागितला, तर कार्ड कॅरीबॅगेत गुंडाळून खिशात ठेवलेलं, घामानं शाई पसरलेली, शेवटचे दोन आकडे वाचताच येईनात. मोबाईल नंबर मेहुण्याचा दिलेला अन् मेहुण्याचा फोन बंद. तिकडच्या दवाखान्यात फोन लावला तर म्हणे पेशंटला घेऊन या, अरे तो इथं आहे म्हणूनच तर फोन करून रायलो! इकडे म्हणे रहिवासी दाखला आणा, सरपंच म्हणाले याचं मतदान इथं नाई, कसा देऊ. असं करता करता गोळ्या संपल्या अन् वर सात दिवस गेले. तो रोज संध्याकाळी विचारायचा, "भैया, आज मिला क्या?" मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

गोळ्या मधात सुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग सहा महिन्यांचा कोर्स कुठच्या कुठे जातो. अन् उपचार नसलेला एक पेशंट वर्षभरात ५ ते १५ जणांना लागण करू शकतो. आमच्याकडे तोडाईची माणसं ताडपत्री लावलेल्या मेटाडोरमध्ये एकमेकांना चिकटून येतात, त्यात बैतूलचे किती अन् गावचे किती हे त्या जंतूला काय कळते? दाखला मागणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला पाहिजे होता.

शेवटी कोणीतरी १८००-११-६६६६ हा टीबीचा हेल्पलाइन नंबर दिला. तक्रार नोंदवली, दुसऱ्याच दिवशी टीबी सुपरवायझरचा फोन आला, त्यांनी नाव-गाव टाकून आयडी शोधला अन् दुपारी गोळ्या हातात. म्हणजे होत होतं, कोणी करत नव्हतं!

तुमच्याकडे बाहेरचा मजूर असेल तर आधी कार्डाचा फोटो काढून ठेवा. नंबर त्याचा स्वतःचाच द्यायला लावा, नाहीतर तुमचा द्या. हो, पासबुकही पाहा, टीबी पेशंटला सरकारकडून पोषणाचे पैसे मिळतात, महिन्याला आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, याचे अजून आले नाहीत, त्याच्यामागे लागलोच आहे. अन् घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याची तपासणी अन् टीबी होऊ नये म्हणूनच्या गोळ्या पहिल्याच दिवशी मागा. आमच्या गडबडीत पोरीचं राहूनच गेलं होतं, परवा तिला नेऊन आणलं.