पहिले ४९९ रुपये खात्यात येईपर्यंत

खासगी क्लासेसच्या फीचा आणि हजेरीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर मी एकट्याने बांधलं आणि विकायला काढलं. महिन्याला ४९९ रुपये, वर्षाचे एकदम भरले तर ४,९९९. कोडबद्दल इथे फारसं लिहीत नाही, त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. गाडी अडली ती पैसे घेण्यापाशी. कुठला कागद आधी, कुठला नंतर आणि कशावाचून काय अडतं, हे कोणी एकत्र सांगत नाही. प्रॉडक्ट तयार झाल्यावर या कामाला हात घालणं ही माझी पहिली चूक. यातला बराच वेळ नुसता वाट बघण्यात जातो, आणि ती वाट कोड लिहिता लिहिताही बघता येते.

कंपनी काढली नाही. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं चुकत नाहीत. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, वेगळा पॅन लागत नाही, स्वतःचाच चालतो. तोटा एकच, धंद्याचं देणं ते आपलं स्वतःचं देणं. फीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ही जोखीम मला परवडते. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवणारं काही बांधत असाल तर परवडणार नाही.

पहिला कागद गुमास्ता. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर नोंदणी लागत नाही, ‘नमुना एफ’ मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती हाच आपला गुमास्ता. दुसरा उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणाऱ्या नोंदीचा. तो आधारवर होतो, पूर्ण मोफत आहे आणि सरकारच्या एकाच संकेतस्थळावर मिळतो. शोधताना वर जाहिराती दिसतात, त्या हजार-दोन हजार घेऊन हाच फॉर्म भरून देणाऱ्यांच्या असतात. उद्योगाचा कोड निवडताना ५८२० (सॉफ्टवेअर प्रकाशन) आणि ६२०१ (संगणक प्रोग्रॅमिंग) दोन्ही टाकले, कारण पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, पुढे धंद्याचा प्रकार यावरून ताडून बघतात.

हे दोन कागद हातात आले की चालू खातं. प्रोप्रायटरी फर्मच्या नावाने खातं उघडायला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते आणि गुमास्ता व उद्यम मिळून ते होतात. जीएसटी नसेल तर खातं उघडत नाही, असं काउंटरवर ऐकायला मिळतं. तसा नियम नाही. शाखाधिकाऱ्याला भेटलं की बहुतेक वेळा काम होतं.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त दिवस कशात जातात? नावात. पॅनवर आडनाव शेवटी, आधारवर आधी, गुमास्त्यावर फर्मचं नाव दोन शब्दांत, उद्यमवर एकत्र. माणसाला हे सगळं एकच दिसतं, तपासणाऱ्या यंत्रणेला नाही. फर्मचं नाव एका कागदावर लिहून ठेवा, रोमन स्पेलिंग आणि मधल्या जागेसकट, आणि प्रत्येक फॉर्ममध्ये ते बघूनच टाइप करा.

मग पेमेंट गेटवे. अर्ज तासाभरात भरून होतो, अडकतो तो वेबसाइटवर. तपासणारा माणूस खरोखर साइट उघडून बघतो. अटी, गोपनीयता धोरण, पैसे परत करण्याचं धोरण, संपर्काचं पान आणि रुपयांत लिहिलेली किंमत, या पाच गोष्टी लॉगिन न करता दिसल्या पाहिजेत. संपर्काच्या पानावर कायदेशीर नाव आणि पत्ता हवा. ब्रँडचं नाव वेगळं असेल तर ‘हे अमुक फर्मचं उत्पादन आहे’ अशी ओळ तळाशी टाका. माझा अर्ज परत आला तो या एका ओळीवाचून. परतफेडीचं धोरण इतरांचं उचलून चिकटवू नका. त्यात ‘माल घरपोच झाल्यावर’ असं काही राहून गेलं की त्यावरूनच शंका येते. सात दिवसांत पूर्ण परतावा आणि त्यानंतर नाही, एवढं पुरतं. मात्र परतावा दिला तरी गेटवेचं कमिशन सहसा परत मिळत नाही.

आता कोडचा जो एकच भाग महत्त्वाचा आहे तो. रेझरपेसह आपल्याकडच्या अनेक गेटवेंना रक्कम पैशांत द्यावी लागते, ४९९ रुपये म्हणजे ४९९००. इथे शून्यं चुकली तर चाचणीतच कळतं, त्यामुळे ती चूक स्वस्तातली. महागात पडते ती ग्राहकाचं सॉफ्टवेअरमधलं खातं चालू करण्याची जागा. क्लासवाले सर यूपीआयने पैसे देतात, फोनवर पिन टाकतात आणि तिथूनच व्हॉट्सॲपवर जातात. तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर ते परत येतच नाहीत. खातं त्या पानावरून चालू होत असेल तर पैसे कापले गेले आणि सॉफ्टवेअर बंद, अशी अवस्था होते. खातं फक्त वेबहुकवरून चालू करा, म्हणजे गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला जो निरोप पाठवतो त्यावरून.

वेबहुकची सही, म्हणजे निरोप खरंच गेटवेकडून आल्याची खूण, पडताळताना निरोपाचा मजकूर जसा आला तसाच, एकही बाइट न बदलता वापरायचा. अनेक फ्रेमवर्क तो आधी उलगडून ठेवतात. मग आपण त्याचं पुन्हा जेसन (डेटा मजकुरात मांडण्याची पद्धत) बनवून सही काढतो, आणि गंमत अशी की चाचणीत ती जुळते. क्लासचं नाव रोमन लिपीत असेपर्यंत सगळं ठीक चालतं. ‘ज्ञानदीप क्लासेस’ असं देवनागरीत आलं की एका बाजूला अक्षरं सरळ असतात, दुसऱ्या बाजूला युनिकोडच्या आकड्यांत, आणि सही जुळत नाही. म्हणजे फक्त मराठीत नाव लिहिणाऱ्यांचीच खाती बंद. चाचणीसाठी पहिलं नाव देवनागरीतच टाका.

दुसरं, एकच निरोप दोनदा येऊ शकतो. तुमच्या सर्व्हरने काही सेकंदांत होकार दिला नाही तर गेटवे पुन्हा पाठवतो. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. तो डेटाबेसमध्ये युनिक ठेवा आणि दुसऱ्यांदा आला तर काही न करता होकार द्या. बिलाची पीडीएफ बनवणं, ईमेल पाठवणं ही कामं होकार दिल्यानंतर मागे रांगेत टाका. मी पीडीएफ आधी बनवत होतो, त्यामुळे उशीर होऊन एकाच ग्राहकाला तीन बिलं गेली. आणि निरोप क्रमाने येतील हे धरून चालू नका. ‘पैसे जमा’ आधी आणि ‘मंजूर’ नंतर, असंही येतं.

दरमहा आपोआप कापणी हा परदेशातल्या सॉफ्टवेअरचा गाभा असला तरी आपल्याकडे तिचे नियम वेगळे आहेत. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे आपोआप कापणीला ग्राहक देतो त्या परवानगीचा, नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला: कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, आणि ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेला मर्यादा. ती आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. आपल्या ४९९ ला मर्यादेचा त्रास नाही, त्रास सूचनेचा आहे. दर महिन्याला बँकेचा संदेश येतो आणि ग्राहकाला आठवण होते, ‘हे बंद करायचं होतं.’ शिवाय मँडेट घेताना कमाल रक्कम ठरवावी लागते. ४९९ च ठेवली तर पुढे किंमत वाढवताना प्रत्येकाकडून नवं मँडेट घ्यावं लागतं. १०,००० ठेवली तर तो आकडा मंजुरीच्या पडद्यावर बघून सर फोन ठेवून देतात. मी १,००० ठेवली.

पण खरं सांगायचं तर वार्षिकच विका. क्लासचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, तेव्हाच फी गोळा होते आणि तेव्हाच क्लासवाल्याच्या हातात पैसा असतो. एप्रिलमध्ये दाखवा, मे अखेरीस डेटा भरून द्या, जूनमध्ये पैसे घ्या. नोव्हेंबरमध्ये विकायला जाल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर.

जीएसटीची मी घाई केली. सेवा विकणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. ऑक्टोबर २०१७ पासून परराज्यात सेवा विकणाऱ्यालाही ही सवलत आहे. आता ४९९ चं गणित बघा. छोट्या क्लासवाल्याची स्वतःची जीएसटी नोंदणी नसते, म्हणून त्याला कराची वजावट मिळत नाही. त्याच्या लेखी ४९९ म्हणजे ४९९, ‘अधिक १८ टक्के’ म्हटलं की बोलणं संपतं. त्यामुळे कर किमतीच्या आतून जातो: ४२२.८८ मूळ किंमत आणि ७६.१२ कर. गेटवेचे दोन टक्के ९.९८ आणि त्यावर जीएसटी १.८०, म्हणून बँकेत येतात ४८७.२२. त्यातले ७६.१२ सरकारचे, उरले ४११.१०. गेटवेच्या १.८० ची वजावट नंतर मिळते, तेवढंच समाधान. नोंदणी नसती तर हे ७६ रुपये माझ्याकडे राहिले असते.

नोंदणी घेतलीच तर तीन गोष्टी विसरू नका. बँक खात्याचा तपशील ३० दिवसांच्या आत पोर्टलवर भरा, नाहीतर नोंदणी निलंबित होते. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, आणि ते विसरण्यात महिने जातात. तिसरी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. परदेशी क्लाउड कंपनीला आपला जीएसटी क्रमांक दिला की ती बिलात कर लावत नाही. तो रिव्हर्स चार्जने आपण भरायचा असतो, तोही जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या खात्यातून, आणि मग त्याची वजावट घ्यायची. याशिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कराची पीटीईसी नावाची नोंदणी, वर्षाला २,५०० रुपये.

एसएमएसचं प्रकरण मात्र स्वतंत्र आहे. पालकांना फीची आठवण पाठवायची तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी लागते: आधी संस्था, मग पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी दिसणारा सहा अक्षरांचा हेडर, मग प्रत्येक संदेशाचा साचा. संस्थेच्या नोंदणीला माझे ५,९०० रुपये गेले. साच्यात बदलणारी जागा ठरलेल्या खुणेने दाखवायची. मंजूर साचा आणि पाठवलेला मजकूर यांत एका पूर्णविरामाचा फरक पडला तरी संदेश वाटेतच अडतो. वर, तुमच्या सॉफ्टवेअरला तो ‘पाठवला’ असाच दिसू शकतो. म्हणून पोचपावतीचा अहवाल रोज बघा.

साचा मराठीत असेल तर तो युनिकोड म्हणून नोंदवा आणि लांबी मोजून लिहा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. लांबला की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च. शिवाय काना-मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्री’ एक अक्षर नाही, चार आहेत. ‘जून महिन्याची फी बाकी आहे.’ हे वाक्य वाचताना अकरा अक्षरांचं, पण रिकाम्या जागा आणि पूर्णविराम धरून मोजणी २६ वर जाते. त्यात विद्यार्थ्याचं नाव, रक्कम आणि क्लासचं नाव आलं की ७० ओलांडलंच, आणि खर्च दुप्पट. ‘आदरणीय पालक, सस्नेह नमस्कार’ ही सुरुवात पहिल्यांदा कापली. क्लासवाल्यांना ते आवडत नाही. मग एका संदेशाचा आणि दोन संदेशांचा दर शेजारी शेजारी दाखवायचा.

परदेशातले ग्राहक थोडे आहेत, अमेरिकेत आठवड्याच्या सुट्टीत मराठी शाळा चालवणारी मंडळी. त्यांच्यासाठी निर्यातीचं बिल, त्यावर एलयूटीखाली (जीएसटी खात्याला द्यायच्या हमीपत्राखाली) कर न भरता निर्यात केल्याची ओळ, आणि पैसे आले की बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला. बँक उद्देशाचा कोड विचारते, सॉफ्टवेअरसाठी मी पी०८०२ सांगतो. एलयूटी एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं, म्हणून मार्च संपण्याआधी पुढच्या वर्षाचं भरून टाका. युरोपातल्या सामान्य ग्राहकाला थेट विकू नका. तिथे बाहेरच्या विक्रेत्याला डिजिटल सेवेवर पहिल्या विक्रीपासून व्हॅट लागतो. पॅडलसारखा मध्यस्थ विक्रेता पाच टक्के आणि वर ५० सेंट घेतो आणि तो कर स्वतः भरतो. पाच डॉलरच्या वस्तूवर हे ७५ सेंट होतात, म्हणजे १५ टक्के. त्यामुळे बाहेर मासिक योजना ठेवलीच नाही.